जुन्या पिकअपचे पाटे वाढवण्याआधी

पेण-रोह्याच्या बाजूला जुनी पिकअप वळणावर डुलायला लागली किंवा मागून बसली, की सल्ला ठरलेला असतो: मागे दोन पाटे टाकून घे. सांगणारा आपुलकीनंच सांगतो. पाटेवाल्याकडे काम अर्ध्या दिवसात होतं, गाडी मागून उंच दिसायला लागते आणि मालकाचं समाधान होतं. पुढे पावसाळ्यात माल उतरवून रिकामी परतताना भिसे खिंडीच्या उतारावर ब्रेक दाबला, की तीच गाडी मागून उडते आणि बाजूला सरकते. तेव्हा दोष रस्त्याला दिला जातो.

माझं म्हणणं साधं आहे. जुन्या पिकअपची चाल बिघडते तेव्हा दोष बहुतेक वेळा झिजलेल्या सांध्यांमध्ये असतो, पाट्यांच्या संख्येत नसतो. आधी झीज काढावी, मग गाडी प्रत्यक्षात किती वजन वाहते ते काट्यावर पाहावं आणि पाट्यांचा निर्णय त्यानंतर घ्यावा. हा क्रम पाळला तर बरीच जुनी गाडीसुद्धा सरळ आणि शांत चालते. खर्चही आटोक्यात राहतो.

आपल्या भागातल्या गाड्यांची झीज थोडी वेगळी आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि ते रखडत गेलं. त्या काळात घेतलेल्या पिकअप याच कामाच्या कडेनं, वळणरस्त्यांवरून, खड्ड्यांच्या ठिगळांवरून धावत जुन्या झाल्या. खड्ड्यात एकच चाक आपटतं तेव्हा एक्सल तिरका होतो, पाट्याला पीळ बसतो आणि तो सगळा पीळ टोकांच्या बुशांवर येतो. त्यात कर्नाळा, सुकेळी, भिसे आणि अलिबागकडे गेलं तर कार्ले, अशा खिंडी. वर पावसाळ्याचा मारा. आणि धरमतर खाडीच्या, कुंडलिकेच्या मुखाकडच्या गावांत खारी हवा. गंज आणि खड्डे एकत्र आले, की पाट्याचं आयुष्य निम्मंही राहत नाही.

मालही एका जातीचा नसतो. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांतून गणपती नेणारी गाडी उन्हाळ्यात विटा ओढते, मध्येच धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पिंपं पोचवते, दिवाळीनंतर भाताची पोती भरते. मूर्ती हलक्या, उंच आणि नाजूक. विटा ठेंगण्या आणि जड. एकाच गाडीनं दोन्ही नीट न्यायचं, तर नुसते पाटे जाड करून भागत नाही.

आधी खाली वाकून बघा

गाडी रिकामी करा, सपाट काँक्रीटवर उभी करा, चारही टायरांत बरोबर हवा भरा. मग मोजपट्टी घेऊन प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत किंवा हौद्याच्या तळापर्यंत उंची मोजा आणि चारही आकडे वहीत लिहा. डाव्या-उजव्यात एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्या बाजूचा पाटा बसला आहे किंवा आतून तुटला आहे. चालकाची बाजू थोडी जास्त बसलेली अनेकदा आढळते, आणि कायम डावीकडून माल चढवणाऱ्यांची डावी बाजू बसते.

आता दुसरं माप. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. चाकं सरळ ठेवा. हे अंतर दोन्हीकडे जवळजवळ सारखं हवं. एकीकडे सेंटिमीटरभराहून जास्त कमी भरलं तर एक्सल आपल्या जागेवरून सरकलेला आहे. अशी गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. मागून येणाऱ्याला ते लगेच दिसतं, चालकाला मात्र स्टेअरिंग जरा वाकडं धरावं लागतं एवढंच जाणवतं. याचं नेहमीचं कारण म्हणजे सैल यू-बोल्ट. पाट्यांच्या थप्पीमधून जाणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या बैठकीत बसतं आणि जागा पकडून ठेवतं, पण दाबून धरण्याचं खरं काम यू-बोल्टचं. ते सैल झाले की सगळा झटका सेंटर बोल्टवर येतो आणि एक दिवस तो कापला जातो. यू-बोल्टच्या नटांपाशी लालसर भुकटी दिसली, पाट्याच्या बैठकीवर चकाकणारी घासलेली रेघ दिसली, तर समजा की तिथं हालचाल चालू आहे.

गाडीखाली जाण्याआधी एक गोष्ट कळकळीनं सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि चासीखाली भक्कम घोड्या ठेवा. पिकअपचं वजन अंगावर आलं तर दुसरी संधी मिळत नाही.

खाली गेलात की तारेच्या ब्रशनं पाट्यांचा चिखल काढा. भेग बहुतेक करून सेंटर बोल्टच्या भोकाजवळ किंवा क्लिपांजवळ असते आणि वरून दिसत नाही. गंजलेल्या पाट्यावर एक बारीक, ताजी, उजळ रेघ दिसली तर तीच ती. मुख्य पाट्याच्या टोकाला जो गोल वळसा असतो, त्यातला बुश बघा. रबर बाहेर आलेलं, फाटलेलं किंवा पिन एका बाजूला टेकलेली दिसली तर बुश गेला. मग घोड्या काढून गाडी चाकांवर उभी करा, कोणाला तरी वर हौद्यावर उभं राहून ती हलवायला सांगा आणि तुम्ही बाजूनं पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या शॅकलवर बोट ठेवा, झिजलेला सांधा बोटाला आपसूक कळतो.

आणि पाट्याचे हँगर जिथं चासीला रिव्हेट केलेले असतात, ती जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. घट्ट आवाज यायला हवा. भद्द आवाज आला, पापुद्रे सुटले, स्क्रूड्रायव्हरचं टोक आत गेलं, तर सस्पेन्शनवर एक रुपयाही घालू नका. खाडीकाठच्या गाड्यांमध्ये चासी बाहेरून रंगवलेली आणि आतून खाल्लेली असू शकते. तिथं आधी चासीचं काम जाणकाराकडून करून घ्यावं, आणि ते होण्याजोगं नसेल तर ती गाडी मालवाहतुकीतून काढावी. भोकावर पत्र्याचं ठिगळ वेल्ड करून विटा ओढणं मला मान्य नाही.

कोण काय काम करतं

गाडीचं वजन पाटे पेलतात. शॉकअप वजन पेलत नाही. त्याचं काम पाट्याची उसळी थांबवण्याचं आहे. हा फरक नीट कळला की निम्मे चुकीचे खर्च टळतात. मागून बसलेली गाडी नवीन शॉकअप टाकून उठत नाही, आणि डचमळणारी गाडी पाटे टाकून शांत होत नाही.

पाटा दबतो आणि मोकळा होताना पुन्हा उसळतो. पट्टीच्या पाट्यांत एकमेकांवर घासून थोडी उसळी मरते. उरलेली शॉकअपमधल्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलण्यात जिरते. तेल गळून गेलं किंवा आतली व्हॉल्व्ह झिजली, की ती उसळी जिरायला जागाच नाही. पिकअपचा कोपरा जोरात दाबून सोडा: ती एकदा वर येऊन थांबायला हवी. आणखी डुलत राहिली तर शॉकअप संपला. मात्र मागचे पाटे कडक असतील तर हातानं दाबून काहीच कळत नाही. अशा वेळी शॉकअपचा खालचा बोल्ट काढून त्याची दांडी हातानं आत-बाहेर करून बघा. दोन्ही दिशांनी सलग, जड विरोध जाणवायला हवा. मधेच मोकळं जात असेल तर तेल किंवा व्हॉल्व्ह गेली.

आता पाटे वाढवल्यावर काय होतं ते बघा. कडक पाट्यावर हलकं वजन असेल तर उसळी जलद होते. रिकाम्या गाडीचा मागचा भाग खड्ड्यावर टण्णकन वर जातो, क्षणभर टायर रस्ता सोडतो. ओल्या रस्त्यावर त्या क्षणी ब्रेक असेल किंवा वळण असेल, तर धरून ठेवायला रबर जमिनीवर नसतंच. भरलेल्या गाडीला जे बळ वाटतं, ते रिकाम्या गाडीला संकट होतं. आणि आपल्या भाड्यांमध्ये निम्मा प्रवास रिकामाच असतो.

मागची बाजू उंच झाली की पुढच्या चाकांचा कलही बदलतो. स्टेअरिंग वळवून सोडल्यावर आपोआप सरळ होतं ते चाकाच्या मागे झुकलेल्या कलामुळे, ज्याला कॅस्टर म्हणतात. मागून चासी उचलली की हा कल कमी होतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भटकायला लागते. हेडलाइट खाली जातात ते वेगळंच.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ एक छोटी व्हॉल्व्ह असते, तिचा दांडा किंवा स्प्रिंग एक्सलला जोडलेली असते. वजन पडून चासी खाली आली की ही व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देते. गाडी रिकामी आणि उंच असली की कमी देते, म्हणजे मागची चाकं जाम होऊ नयेत. पाटे वाढवून चासी कायम उंच ठेवली तर भरलेल्या गाडीलाही ती रिकामी समजते. मागचा ब्रेक कमी लागतो, सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, आणि सुकेळी खिंडीच्या उताराला ब्रेक तापून मऊ पडतात. पाट्यांना हात लावला की ही व्हॉल्व्ह कंपनीच्या मापानं पुन्हा लावून घ्यायलाच हवी. तिचा दांडा गंजून अडकलेला किंवा तारेनं बांधून ठेवलेला दिसला तर आधी तो दुरुस्त करा.

कुठून सुरुवात करावी

टायरपासून. सस्पेन्शनचा पहिला भाग टायरच आहे. बाजूवरच्या शिक्क्यातले शेवटचे चार आकडे बघा: २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर असली तरी रबर कडक होऊन बारीक तडे गेले असतील तर तो ओल्या डांबरावर घसरणारच. नियमानं नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते. आपल्या पावसाला मी ३ मिलिमीटरच्या खाली जाऊ देणार नाही. एकाच एक्सलवर एकीकडे रेडियल आणि दुसरीकडे नायलॉनचा टायर घालू नका. मागे मालवाहू गाडीचेच टायर हवेत, कारचे नकोत. हवेचा दाब दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यात दिलेला असतो, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा. तो सकाळी टायर थंड असताना मोजा. भरलेल्या गाडीचा दाब ठेवून महिनाभर रिकामी फिरवली तरी गाडी उडते, आणि मालक पाटे बदलायला निघतो.

त्यानंतर बुश आणि पिन. जुन्या गाडीत पैशाच्या मानानं सगळ्यात जास्त फरक इथंच पडतो. दोन्ही बाजूंचे सगळे बुश एकदम बदला. अडकलेला बुश काढायला गॅसनं जाळू देऊ नका, कारण पाट्याच्या वळशाला ताप लागला की तिथला टेंपर जातो आणि पुढे तिथूनच पाटा तुटतो. प्रेसनं किंवा स्क्रूच्या जॅकनं दाबून काढता येतो. रबरी बुशाच्या बाबतीत एक बारकावा आहे आणि तो पाळला जात नाही: बोल्ट शेवटचा घट्ट करायचा तो गाडी चाकांवर उभी असताना. हवेत लटकलेल्या पाट्याचा बोल्ट आवळला तर गाडी खाली उतरवताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. ज्या पिनांना ग्रीसची निपल आहे, तिथं ग्रीस भरताना गाडी चासीवर उचलून पिनेवरचा भार काढा, नाहीतर दाबलेल्या बाजूला ग्रीस पोचतच नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत भरायचं.

यू-बोल्ट काढले की परत तेच वापरू नका. ते ताणलेले असतात. नवीन बोल्ट, नवीन नट, आणि आवळताना समोरासमोरचे आलटून पालटून थोडे थोडे.

शॉकअप जोडीनं बदला. बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण आत-बाहेर करा, आडवा पडून राहिल्यानं आत शिरलेली हवा निघून जाते. एक्सलवर बसणारे रबरी बफर आहेत का ते बघा. ते तुटून पडले की भरलेल्या गाडीचा एक्सल थेट चासीवर आदळतो, आणि हँगरजवळच्या भेगा तिथून सुरू होतात. तुमच्या गाडीला स्टॅबिलायझर बार असेल तर त्याच्या दोन्ही लिंका शाबूत हव्यात. लिंक तुटली म्हणून आख्खा बार काढून ठेवलेल्या गाड्या असतात. वळणावर डुलते ही तक्रार तिथं बार परत बसवूनच संपते.

पुढची बाजू आणि स्टेअरिंग

जुन्या पिकअपमध्ये काहींना पुढेही पाटे आणि सलग एक्सल असतो, काहींना पुढची चाकं स्वतंत्र असून कॉइल किंवा टॉर्शन बार असतो. तुमच्या गाडीत काय आहे ते बघून घ्या. तपासायची रीत दोन्हीकडे जवळपास सारखी. चाक उचला, वर-खाली धरून हलवा: खेळ असेल तर बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट. एकानं ब्रेक दाबून धरावा आणि दुसऱ्यानं पुन्हा हलवावं; खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन किंवा जॉइंट. मग डाव्या-उजव्या बाजूंना धरून हलवा: इथला खेळ टाय रॉडच्या टोकांचा किंवा ड्रॅग लिंकचा.

ठरावीक वेगाला पुढची चाकं थरथरायला लागतात तेव्हा नुसतं चाकांचं बॅलन्सिंग करून थांबू नका. थरथर सुरू चाकातून होते, पण ती वाढते सैल किंगपिन आणि लिंकांमुळे. स्टेअरिंगचा प्ले कमी करायला बॉक्सवरचा स्क्रू आवळणं हा शेवटचा उपाय आहे. सगळे सांधे नीट झाल्यावर उरलेला प्ले बॉक्सचा. तोही मधोमध थोडाच काढायचा. जास्त आवळला की स्टेअरिंग वळणानंतर परत येत नाही आणि बॉक्सचे दाते खातात.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. सैल सांध्यांवर केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यात मोडते. टायरवर तळहात आडवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसरीकडून करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, चुकलेला आहे. अलाइनमेंटवाल्याकडून कॅस्टरचा आकडाही मागून घ्या, दोन्ही बाजूंचा. सलग एक्सलला तो सहज बदलता येत नाही, पण आकड्यांतला फरक बसलेला पाटा किंवा वाकलेला एक्सल उघड करतो.

मग पाट्यांचं काय

एवढं झाल्यावर गाडी चालवून बघा, आणि एकदा वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग आख्खी गाडी, मग फक्त मागची चाकं. हे एकदा रिकाम्या गाडीचं आणि एकदा नेहमीच्या मालासह करा. नोंदणी पुस्तकात रिकाम्या गाडीचं आणि भरल्या गाडीचं कमाल वजन लिहिलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघा. वीट साधारण तीन किलोची धरली तर ५०० विटा म्हणजे दीड टन. सवयीनं सहाशे-सातशे चढवणाऱ्याला काट्यावरचा आकडा बघून पाटे का बसतात याचं उत्तर तिथंच मिळतं.

पाटे वाढवून गाडीची कायदेशीर क्षमता वाढत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला आणखी २,००० रुपये दंड आहे. एक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर हे सगळे मूळ वजनासाठीच बनलेले असतात. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी काढावा लागतो. तेव्हा हे काम फिटनेसच्या आदल्या महिन्यात धरलं तर एकाच खर्चात दोन्ही होतं.

वजन मर्यादेत असूनही पाटे बसलेले असतील तर ते बदला. जुन्या पाट्यांना ठोकून पुन्हा कमान देता येते, स्वस्तही पडते, पण थकलेलं पोलाद पुन्हा बसतं. थोड्या दिवसांची सोय म्हणून ते ठीक, कायमचा उपाय म्हणून नाही. भट्टीत लाल करून वाकवलेला पाटा घेऊ नका. तापवल्यावर नीट विझवून पुन्हा टेंपर केल्याशिवाय तो एक तर मऊ राहतो किंवा काचेसारखा तुटतो. तुटलेला पाटा वेल्ड तर मुळीच करू नका. एकच पाटा तुटला असेल तरी दुसऱ्या बाजूची थप्पी उघडून बघा, आणि जुनी-नवी थप्पी समोरासमोर बसवू नका.

काही गाड्यांना दोन-तीनच पाटे असतात, मध्ये जाड आणि टोकांकडे पातळ होत गेलेले. हे पॅराबोलिक पाटे. ते फक्त मध्यावर आणि टोकांना टेकतात म्हणून मऊ चालतात. त्यांच्यात साध्या सपाट पट्टीचा पाटा घुसवला की तो चुकीच्या जागी घासतो आणि चांगला पाटा कापतो.

जड आणि हलका, दोन्ही माल नेणाऱ्यानं हेल्पर पाट्याचा विचार करावा, पण मूळ थप्पीत आवळलेल्या जादा पाट्यांचा नाही. खरा हेल्पर रिकाम्या गाडीत मोकळा असतो. वजन पडून मुख्य पाटे दबले की तो चासीवरच्या कंसाला टेकतो आणि मग भार घेतो. तो तुमच्या मॉडेलसाठी कंपनीनं दिलेला असेल तरच बसवा, आणि ब्रेकची व्हॉल्व्ह त्यानंतर लावून घ्या.

मूर्ती नेताना

गणपतीच्या हंगामात पेणच्या गाड्या मुंबई-पुण्याकडे जातात तेव्हा पाट्यांवरचं वजन कमी आणि उंची जास्त असते. इथं गाडी मऊ हवी. टायरचा दाब हलक्या मालाच्या आकड्यावर आणा. हौद्याच्या तळाला, मागच्या एक्सलच्या किंचित पुढे, वाळूची पोती आडवी रचा. दीड-दोनशे किलो खाली बसलं की पाटे थोडे दबून काम करायला लागतात आणि गाडीचा तोल खाली येतो. पोती हलणार नाहीत अशी बांधा, त्यावर पेंढा आणि फोम, मग मूर्ती. सगळ्यात जड मूर्ती पुढच्या बाजूला, केबिनला टेकून. मागच्या फळीपाशी वजन गेलं की पुढचं स्टेअरिंग हलकं होतं. उंच मूर्तीला दोर बांधताना तो आडव्या ओढीत न बांधता खाली हौद्याच्या कड्यांकडे तिरका उतरवा. वळणाचा वेग मूर्तीच्या डोक्याच्या उंचीवर ठरवावा.

खारं पाणी

पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जळकं ऑइल आणि डिझेल मारायची रीत कोकणात आहे. पत्र्याला ते थोडे दिवस वाचवतं, पण बुशांचं रबर फुगून सडतं आणि शिंतोडे ब्रेकवर, टायरवर जातात. चासीच्या आतून गंजरोधक मेण किंवा रंग मारून घ्या आणि रबर झाका. पट्टीच्या पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावायचं तर थप्पी उघडून, साफ करून. जिथं मध्ये रबर किंवा नायलॉनच्या चकत्या आहेत तिथं नाही.

खाडीकाठच्या खारेपाटात उधाणाचं पाणी रस्त्यावर आलं आणि त्यातून गाडी गेली, तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं खालून धुवा. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी आलं असेल तर बेअरिंग उघडून ग्रीस बदला, आणि मागच्या एक्सलच्या हाउसिंगचं ऑइल दुधी झालं आहे का बघा. ब्रेकच्या लोखंडी नळ्या पाट्यांच्या मागे लपलेल्या असतात. गंज तिथं आधी लागतो.

काम पूर्ण झाल्यावर पहिली फेरी रिकामी मारा, मोकळ्या सरळ रस्त्यावर. मागे-पुढे कोणी नसताना ३०-४० च्या वेगाला ब्रेक दाबा आणि गाडी कुठल्या बाजूला ओढते ते बघा. मग अर्धा माल, मग पूर्ण. पहिला पूर्ण माल उतरवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळा आणि ५०० किलोमीटरच्या आत आणखी एकदा, कारण नवे पाटे एकमेकांवर बसताना थप्पी किंचित पातळ होते. नव्या पाट्यांवर गाडी महिनाभर चालली की चारही कोपऱ्यांची उंची पुन्हा मोजून वहीतल्या जुन्या आकड्यांखाली लिहा, आणि अलाइनमेंट त्यानंतर शेवटची करून घ्या.